पाकिटातली बुरशी जिवंत आहे का?

शनिवारी सकाळी साडेनऊला माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. आत वरण-भात नव्हता. ज्वारी होती, अर्धी शिजवलेली, पाच छोट्या पिशव्यांत भरलेली, तोंडाला कापसाचे बोळे लावलेली. आई गावाहून आलेली. तिनं डोकावून पाहिलं, विचारलं काय करायलास, आणि मी खरं ते सांगितलं: बुरशी वाढवतोय.

"लोकं बुरशी आली की फेकून देतात, आणि तू पोसायलास?"

बरोबरच आहे तिचं. पण हा उद्योग का करावा लागला ते सांगतो. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

पुण्यात कुणाला सांगितलं की मी लातूरकडचा, तर समोरच्याला तीनच गोष्टी आठवतात. बारावीचा लातूर पॅटर्न, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, आणि २०१६ साली मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. चौथी गोष्ट कुणाला आठवत नाही, जी रोज दुपारी डब्यात असते: तूरडाळ. लातूर ही डाळीची मोठी बाजारपेठ आहे, आणि तूर, हरभरा, सोयाबीन यांच्यावर आमच्या भागाचं सगळं गणित चालतं. मुलांची कॉलेजची फी, बहिणीचं लग्न, माझं इंजिनिअरिंगसुद्धा. माझ्या डिग्रीत किमान दोन सेमिस्टर तुरीची आहेत.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी मला एक झटका आला. आमची शेती अहमदपूर तालुक्यात. लातूर जिल्ह्याचं हे टोक, पलीकडे लोहा लागला की नांदेड जिल्हा. शेत तात्या बघतात, म्हणजे माझे चुलते. तुरीला दरवर्षी थोडीफार मर लागते. मी इंटरनेटवर चार रात्री वाचन केलं आणि फोनवर तात्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं, "तात्या, ती केमिकलची पावडर बंद करा. ट्रायकोडर्मा वापरा. बुरशीला खाणारी बुरशी असते ती. एकदम सायंटिफिक."

तात्यांनी ऐकलं. पुतण्या इंजिनिअर आहे ना.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तर तात्या मला चहाही न देता शेतात घेऊन गेले. चार ओळी सोयाबीनच्या, दोन तुरीच्या असा पेरा होता. सोयाबीन निघालेलं, तूर एकटी उभी. फुलोरा सरून शेंगा धरायची वेळ. आणि मधेमधे अख्खी झाडं वाळून तांबूस झालेली, उभीच्या उभी. एक उपटून तात्यांनी खोड चिरलं. आत काळपट रेघ. बाहेरून बुंध्यापासून वर चढलेला जांभळट पट्टा. पुस्तकातलं चित्रच.

"बघ, तुझ्या बुरशीनं काय केलंय ते," तात्या म्हणाले. रागावून नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. आणि जितका खोलात गेलो तितकी एक गोष्ट पक्की होत गेली. तात्यांना बुरशीनं फसवलं नाही. बुरशीच्या नावाखाली विकल्या गेलेल्या पांढऱ्या भुकटीनं फसवलं, आणि ती भुकटी कशी, कुठून, कधीची घ्यायची हे न सांगता सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्या हुशार माणसांनी फसवलं.

आधी मर म्हणजे काय ते बघू. तुरीची मर ही फ्युजेरियम उडम नावाच्या बुरशीमुळे होते. बिहारमधल्या पुसा इथं काम करणाऱ्या एडविन बटलर या शास्त्रज्ञानं तिला १९१० साली हे नाव दिलं, म्हणजे शत्रूची ओळख पटून शंभरावर वर्षं झाली. ही बुरशी जमिनीत असते. मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवते. जमिनीत ओल असूनसुद्धा झाड तहानेनं मरतं. खोडातली काळी रेघ म्हणजे त्या तुंबलेल्या नळ्या. पीक काढलं तरी ती धसकटांत आणि मातीत तीनेक वर्षं तग धरून राहते. हरभऱ्याच्या मरीची तिची चुलत बहीण, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, तर आणखी चिवट.

आता यात रासायनिक बीजप्रक्रियेची अडचण लक्षात घ्या. बियाण्याला बुरशीनाशक चोळलं की उगवणीच्या काळात संरक्षण मिळतं, हे खरं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण तूर हे पाच-सहा महिन्यांचं पीक. जूनमध्ये बियाला लावलेलं औषध नोव्हेंबरमध्ये मुळाशी पहारा देत बसलेलं नसतं. सबंध शेताची माती औषधानं भिजवणं कुणाच्या बापाला परवडत नाही. म्हणजे असा राखणदार हवा जो मुळासोबत वाढेल, स्वतःची संख्या स्वतः वाढवेल आणि पगार मागणार नाही.

तो राखणदार म्हणजे ट्रायकोडर्मा. हे काही गेल्या आठवड्यातलं व्हॉट्सॲप फॉरवर्ड नाही. १९३२ साली अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ही बुरशी जमिनीतल्या रोगकारक बुरश्यांवर परजीवी म्हणून जगते. ती शत्रूच्या धाग्याला वेटोळे घालते, त्याची भिंत विरघळवणारी विकरं सोडते आणि आतला माल खाऊन टाकते. काही जाती प्रतिजैविकंही सोडतात. शिवाय मुळाजवळची जागा आणि अन्न आधीच अडवून बसते, त्यामुळे फ्युजेरियमला पाय ठेवायला जागा कमी उरते. आणि मुळाशी तिचा वावर असला की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. पहाटेच्या पॅसेंजरमध्ये रुमाल टाकून जागा धरणारे लोक आणि ट्रायकोडर्मा यांची कार्यपद्धती बरीचशी सारखी आहे.

पण या सगळ्या कर्तृत्वाला एकच अट आहे. ती जिवंत असली पाहिजे.

हसू नका. हे वाक्य जितकं बाळबोध वाटतं तितकंच आपल्याकडे ते कुणाच्या गावी नाही. युरियाचं पोतं उन्हात राहिलं तरी युरियाच राहतो. ट्रायकोडर्माचं पाकीट म्हणजे टाल्क पावडरीत मिसळलेले जिवंत बीजाणू. ते दुधासारखं आहे, सिमेंटसारखं नाही. साधारण २५ ते ३० अंश तापमान तिला मानवतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि कृषी सेवा केंद्राचं गोदाम बहुतेक वेळा पत्र्याचं असतं. त्या पत्र्याखाली, खताच्या पोत्यांच्या थप्पीवर, किलोकिलोची पाकिटं पावसाची वाट बघत पडलेली असतात. आतले जीव पावसाआधीच गेलेले असू शकतात. पाकिटावर मात्र मुदत छापलेली असते, आणि ती अजून संपलेली नसते.

तात्यांना मी फोन करकरून तपशील काढले. आमच्या क्षेत्रात याला रूट कॉज ॲनॅलिसिस म्हणतात. तात्या याला "तुझी उलटतपासणी" म्हणतात. निघालं ते असं.

एक, पाकीट कधी बनवलेलं होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. दुकानदारानं दाखवलंही नव्हतं.

दोन, त्याच दुकानदारानं "डबल सेफ्टी" म्हणून कार्बेन्डाझिमची पुडीही दिली होती, आणि दोन्ही एकाच घमेल्यात, एकाच दिवशी, एकाच बियाण्याला चोळायला सांगितलं होतं. आता कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. त्याला फ्युजेरियम कोण आणि ट्रायकोडर्मा कोण हे कळत नाही, आणि ट्रायकोडर्मा त्याला फार लवकर बळी पडते. म्हणजे राखणदार नेमला आणि त्याच दिवशी त्याला विष घातलं. बिल मात्र दोन्हींचं लावलं.

तीन, उरलेली पावडर तात्यांनी पेरणीआधी कोरड्या रानात उधळून दिली. जूनमधल्या तापलेल्या, सुक्या मातीत. तसं करायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त "एकदम सायंटिफिक" एवढंच सांगितलं होतं.

यातल्या तिसऱ्या मुद्द्याचं गणित मी ऑफिसात लंचब्रेकमध्ये करून पाहिलं. नियमाप्रमाणे ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅम पावडरीत किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत. जमिनीत देण्याची शिफारस हेक्टरी अडीच किलो, म्हणजे एकरी किलोभर. एक किलोत झाले २०० कोटी. आकडा ऐकून छाती फुगते. पण एका एकरातली वरची १५ सेंटीमीटर माती भरते साधारण आठ-नऊ लाख किलो. २०० कोटी बीजाणू तेवढ्या मातीत वाटले तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला जेमतेम दोन येतात. दोन! आणि पाकिटात दहातले नऊ मेलेले असतील तर पाच ग्रॅम मातीत एक. मैदानात अकरा जण हवेत तिथं एक खेळाडू पाठवायचा, तोही आजारी, आणि मॅच हरली की म्हणायचं हा खेळच बोगस आहे.

म्हणूनच ती पावडर आधी ओलसर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत, गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस ठेवायला सांगतात. तिथं ती वाढते, आणि मग ते शेणखत ओलीवर, पिकाच्या ओळीत द्यायचं. बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम चोळायची ती याचसाठी, की अख्ख्या रानाला नव्हे तर नेमकं जिथून मूळ फुटणार तिथं फौज उभी राहावी. रासायनिक बीजप्रक्रिया करायचीच असेल तर आधी ती, आणि तीही ट्रायकोडर्माला चालेल अशा औषधाची. जिवंत संवर्धनं सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत. हे रॉकेट सायन्स नाही. पण पाकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात, बऱ्याचदा इंग्रजीत छापून शेतकऱ्याला कळत नसतं.

आता कुकरकडे येतो.

गावाहून परतताना मी वेगवेगळ्या तीन दुकानांतून तीन पाकिटं घेतली. तिन्ही मुदतीतली. चौथं मामाकडून आणलं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. ज्वारी रात्रभर भिजवून, अर्धी शिजवून, पिशव्यांत भरून कुकरमध्ये अर्धा तास वाफवली, म्हणजे तिच्यातले आधीचे जीव मरावेत. गार झाल्यावर प्रत्येक पिशवीत एकेका पाकिटातली चिमूटभर पावडर. पाचव्या पिशवीत काहीच नाही, ती नुसती साक्षीदार. मग सगळ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. आईनं त्या आठवड्यात त्या फळीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दोन पिशव्यांत पांढरं कापसासारखं जाळं. पाचव्या दिवशी त्याच दोन्ही गडद हिरव्या. त्यातली एक मामाची. तिला खोबऱ्यासारखा वासही येत होता, जो ट्रायकोडर्माच्या काही जातींना येतो. (घरी करणार असाल तर पिशवी उघडून हुंगायचा शहाणपणा करू नका. मी केला, आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.) तिसऱ्या पिशवीत काळपट काहीतरी वाढलं, ज्याची मैत्री करावीशी वाटली नाही. चौथीत काहीही नाही. साक्षीदार पिशवीइतकीच ती स्वच्छ. पूर्ण पैसे देऊन मी एक किलो टाल्क पावडर घेतली होती. चेहऱ्याला लावायची ती निदान सुगंधी असते.

चार पाकिटांवरून मी देशाचा निष्कर्ष काढत नाहीये, एवढी सांख्यिकी मलाही येते. शिवाय हिरवं दिसलं म्हणजे ट्रायकोडर्माच असंही नाही, पेनिसिलियम आणि अस्परजिलसही हिरवे असतात. घरचा प्रयोग माल चांगला आहे हे सिद्ध करू शकत नाही. पण माल मेलेला आहे हे मात्र तो अगदी स्वच्छ सांगतो. आणि माझा प्रश्न साधा आहे. जे एका सॉफ्टवेअरवाल्याला ज्वारी, कुकर आणि पाच दिवसांत कळतं, ते विकणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि योजनेतून वाटणाऱ्याला का कळत नाही?

उत्तर कटू आहे. कळून घ्यायचं नाही म्हणून.

ट्रायकोडर्मा कायद्यानं कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते. नोंदणी लागते, मानक आहे, निरीक्षक आहेत, नमुने घेण्याची तरतूद आहे. कागद पूर्ण आहे. पण मानक तपासलं जातं ते, तपासलं गेलंच तर, साधारण कंपनीच्या दारात किंवा वर्षाकाठच्या मोजक्या नमुन्यांत. शेतकऱ्याच्या हातात पाकीट पडतं त्या दिवशी आत काय जिवंत आहे याची जबाबदारी कुणाचीच नाही. कारखाना म्हणतो आमच्याकडून निघाली तेव्हा जिवंत होती. दुकानदार म्हणतो मला सीलबंद आलं. योजनेतून पाकिटं येतात ती कधीकधी पेरणी उरकल्यावर, आणि वाटपाचा आकडा मात्र पूर्ण भरतो. शेवटी नाव खराब होतं बुरशीचं. आमच्या धंद्यात टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला टाकला तर रात्री दोनला फोन येतो. इथं तात्यांचा फोन कुणाला जात नाही.

आता मामाची गोष्ट. माझं आजोळ अर्धापूरकडचं, नांदेड जिल्हा. हळद आणि केळी. हळदीचा शत्रू म्हणजे कंदकूज. पावसाळ्यात पाणी साचलं की कंद आतून सडतो आणि गड्डे हातात घेतले की मऊ लागतात. मामा पावसाच्या तोंडावर वसमतमार्गे परभणीला जातात, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, आणि तिथून बायोमिक्स आणतात. ट्रायकोडर्मासह उपयुक्त बुरश्या आणि जिवाणू यांचं हे विद्यापीठाचंच मिश्रण. हळद आणि आलं करणाऱ्या शेतकऱ्यांत त्याचं नाव आहे. मामांना मी विचारलं, गावातल्या दुकानात एवढी पाकिटं असताना परभणीपर्यंत का जाता?

मामा म्हणाले, "भाच्या, दही लावायचं तर इरजण ताजं लागतंय. शिळ्या इरजणाला कोण विचारतंय?"

झालं. माझी चार रात्रींची रिसर्च मामांनी एका वाक्यात गुंडाळली. आणि नीट पाहा, मामा फक्त ताजा माल आणत नाहीत. हळद गादीवाफ्यावर लावतात, पाण्याचा निचरा बघतात, बेणं निवडून घेतात. बुरशी त्यांच्यासाठी टीममधली एक मेंबर आहे, अवतार नाही.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे या विषयावर आपल्याकडे दोनच टोळ्या भांडत असतात, आणि मला दोन्हींचा कंटाळा आलाय.

पहिली टोळी आपल्या ऑफिसातली. वीकेंडला मुळशीकडे जाऊन "ऑरगॅनिक" शेती बघणारी, दुप्पट पैसे देऊन "केमिकल-फ्री" डाळ घेणारी. यांच्या लेखी केमिकल म्हणजे विष आणि जैविक म्हणजे अमृत. अहो, ट्रायकोडर्मा विषाणूजन्य रोगांवर काडीचीही चालत नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅक किंवा तुरीचा वांझ रोग तिच्या अखत्यारीतला नाही. मशरूम पिकवणाऱ्याला विचारा, हिरव्या बुरशीचं नाव काढलं तरी तो घाबरतो, कारण तिथं याच कुळातल्या जाती त्याचा माल खातात. निसर्गात चांगलं-वाईट असे शिक्के नसतात. तुमच्या श्रद्धेपायी कुणी तात्या जुनी पद्धत सोडतो आणि नवी नीट मिळत नाही, तेव्हा नुकसान तुमचं होत नसतं. ही टोळी मी चांगली ओळखतो, कारण दोन वर्षांपूर्वी मी तिचा सभासद होतो.

दुसरी टोळी म्हणते हे सगळं जैविक-बैविक थोतांड आहे, औषध मारा आणि मोकळे व्हा. यांना माझा प्रश्न: मेलेलं पाकीट वापरून "ट्रायकोडर्मा चालत नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे बॅटरी नसलेला मोबाईल हातात घेऊन नेटवर्क नाही म्हणण्यासारखं नाही का? नव्वद वर्षांची प्रयोगसिद्ध गोष्ट आपण गोदामातल्या पत्र्यापायी मोडीत काढायची?

दोन्ही टोळ्यांना एक गोष्ट आवडत नाही, ती म्हणजे कंटाळवाणं काम. मरीवर उपाय कंटाळवाणाच आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं मरीला दाद न देणारे, निदान लवकर न देणारे वाण दिलेत, बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११ सारखे, ते पेरायचे. त्याच रानात दरवर्षी तूर घ्यायची नाही. आणि आमच्या आजोबांच्या काळी तूर ज्वारीत असायची. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी दिसते हे हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅटनं १९८० च्या दशकात प्रयोग करून दाखवलंय. सोयाबीन आलं, खरिपाची ज्वारी गेली, आणि तिच्यासोबत एक फुकटचा राखणदारही गेला. या सगळ्यासोबत ताजी, जिवंत ट्रायकोडर्मा. यातलं एकटं काहीच पुरत नाही. सगळं मिळून पुष्कळ पुरतं.

मग काय करायचं? नुसत्या शिव्या देऊन उठायचं नाही म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवतो.

पहिली: पाकिटावर बनवल्याची तारीख मोठ्या मराठी अक्षरांत, समोरच्या बाजूला हवी. औषधाचा फोटो आणि हसरा शेतकरी छोटा केला तरी चालेल. सोबत एकच ओळ: उन्हात ठेवू नका, कार्बेन्डाझिमसोबत मिसळू नका.

दुसरी: तपासणी दुकानातल्या पाकिटाची व्हावी, मे-जूनमध्ये, पेरणीआधी. लातूरला कृषी महाविद्यालय आहे, नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पावडर पाण्यात पातळ करत जायची, बशीत वाढवायची, ठिपके मोजायचे, हे काम कृषीचा विद्यार्थी करू शकतो. चार-पाच दिवसांत उत्तर मिळतं. निकाल बॅच नंबरसकट जाहीर करा. फाईलमध्ये नको, बाजार समितीच्या फळ्यावर, जिथं सोयाबीनचे भाव लागतात तिथंच.

तिसरी: हा माल साठवून विकायचा धंदा बंद करा. ऑर्डर घ्या, बनवा, पेरणीच्या आधी महिनाभरात पोचवा. पाव भाजणारा बेकरीवाला हे रोज करतो.

यावर हमखास येणारा आक्षेप: खर्च वाढेल. वाढेल, पाकिटामागे थोडाफार. पण आज मेलेल्या भुकटीवर जाणारा पैसा, वाळलेल्या ओळी आणि उडालेला विश्वास हा खर्च कोण मोजतंय? दुसरा आक्षेप: शेतकऱ्यानं लेबल वाचायला नको का? वाचायला हवं. पण बशीतले ठिपके त्यानं घरी मोजावेत अशी अपेक्षा असेल तर मग त्या यंत्रणेचा पगार कशासाठी?

विश्वासाचं मात्र खरंच अवघड आहे. गेल्या महिन्यात तात्यांना दोन्ही हिरव्या पिशव्यांचे फोटो पाठवले, सोबत रिकाम्या पिशवीचाही. निळी टिक आली, उत्तर नाही. दोन दिवसांनी फोन आला. खताचा भाव, आईची तब्येत, पाऊस, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाले,

"त्या मामाला म्हणावं, यंदा परभणीला जाशील तेव्हा दोन किलो जास्तीचं आण. बांधाकडच्या अर्ध्या एकरात टाकून बघू. बाकीच्यात मी माझंच करणार."

अर्धा एकर. मी त्यांच्या जागी असतो तर तेवढाही दिला नसता.

तुमच्यापैकी ज्यांचं गाव अजून शिल्लक आहे त्यांनी एक करा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा पैसे आणि सल्ले पाठवण्याआधी काका-मामांसोबत दुकानात जा, पाकीट उलटं करा आणि तारीख मोठ्यानं वाचा. दुकानदार चिडला तर समजा, योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. घरी कुकर आहेच.

असो. आईनं आत्ताच विचारलंय की ती फळी मोकळी कधी होणार.